पित्ताचं डोकं, सायनसचं डोकं, बीपीचं डोकं
वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

डोकेदुखीबद्दल आलेल्या पत्रांमध्ये एक गोष्ट सारखी दिसली. बहुतेकांनी आपल्या दुखण्याचं बारसं आधीच उरकलेलं आहे: पित्ताचं, सायनसचं, चष्म्याचं, बीपीचं. नाव चुकलं की औषधही त्या चुकीच्या नावाचंच सुरू होतं आणि वर्षानुवर्षं चालू राहतं. म्हणून ही पत्रं वाचताना आम्ही नावं बाजूला ठेवली आणि तीनच गोष्टी शोधल्या. दुखणं किती तास टिकतं? त्या वेळी माणूस काय करतो, म्हणजे अंधारात पडून राहतो, कामं उरकत राहतो की येरझाऱ्या घालतो? आणि महिन्यातले किती दिवस त्यात जातात?

माझं वय ३४. महिन्यातून चार-पाच वेळा पित्त होतं. सकाळी डाव्या कानशिलापासून ठणकायला लागतं, मळमळतं, उजेड आणि मिक्सरचा आवाज सहन होत नाही. दुपारी कडू उलटी झाली की झोप लागते आणि उठल्यावर बरं वाटतं. सहा वर्षं पित्ताच्या गोळ्या घेतेय. एन्डोस्कोपीही नॉर्मल आली. पित्त मुळापासून जाण्यासाठी काय करावं?
— एक गृहिणी, सांगली

पित्त जात नाही, कारण ते पित्त नाहीच. ही अर्धशिशी आहे, म्हणजे मायग्रेन.

तुमच्या पत्रातला क्रम नीट पाहा. आधी डोकं, मग मळमळ, शेवटी उलटी. मेंदूच्या पेशींना स्वतःला वेदना कळत नाही. वेदना कळते ती मेंदूभोवतीच्या आवरणाला आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना, कारण चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल नसेचे धागे तिथे पोचलेले असतात. मायग्रेनच्या झटक्यात ही नस चेतवली जाते आणि तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं रसायन सुटतं. त्यामुळे रक्तवाहिन्या फुगतात आणि डोकं ठणकू लागतं. हे संदेश मेंदूच्या देठात पोचतात. उलटीचं नियंत्रण करणारी केंद्रंही तिथेच शेजारी आहेत. ती जागी झाली की मळमळ सुरू होते आणि जठराची हालचाल मंदावते. म्हणजे पोटामुळे डोकं बिघडलेलं नसतं, डोक्यामुळे पोट बिघडलेलं असतं. एन्डोस्कोपी नॉर्मल येणारच होती.

उलटी कडू का? जठर रिकामं असताना ओकाऱ्या येत राहिल्या की लहान आतड्यातलं पिवळं पित्त मागे येतं. रिकाम्या पोटी वारंवार उलट्या झाल्या तर कोणाचीही उलटी कडूच निघेल. उलटीनंतर बरं वाटतं हे खरं आहे. पुष्कळांचा झटका उलटी आणि झोप यांनीच संपतो. पण म्हणून मीठपाणी पिऊन किंवा घशात बोटं घालून उलटी काढू नका. घेतलेली गोळी बाहेर पडते, अंगातलं पाणी जातं आणि झटका लांबतो.

एक गोष्ट मान्य करायला हवी. जागरण झालं, जेवणाची वेळ टळली, उन्हातून आलं की ‘पित्त खवळतं’, असं घरातली जुनी माणसं सांगत आली. निरीक्षण अचूक होतं, आरोपी तेवढा चुकला. हीच सगळी मायग्रेनची निमित्तं आहेत.

मायग्रेन ओळखायचे ठोकताळे ठरलेले आहेत. असे किमान पाच झटके येऊन गेलेले असावेत आणि उपचार न केल्यास दुखणं ४ ते ७२ तास टिकावं. एकाच बाजूला दुखणं, ठणका, मध्यम ते तीव्र वेदना आणि जिना चढला तरी वाढणं, या चारांपैकी दोन असावीत. जोडीला मळमळ किंवा उलटी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं. तुमच्या पत्रात हे जवळजवळ सगळं आहे. काहींना दुखण्याआधी ५ ते ६० मिनिटं डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात, त्याला ऑरा म्हणतात. असं होत असेल तर गर्भनिरोधक गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना आवर्जून सांगा. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांमुळे अशा स्त्रियांमध्ये पक्षाघाताचा धोका वाढतो.

आता उपाय. सगळ्यात जास्त चुकतं ते वेळेचं आणि मात्रेचं. ‘आधी थोडं थांबून बघते’, मग ‘अर्धीच गोळी घेते’, आणि तोवर जठर थंडावलेलं. गोळी तिथेच पडून राहते आणि ‘मला गोळ्या लागू पडत नाहीत’ असा समज होतो. दुखणं सौम्य असतानाच, पहिल्या तासाभरात, पुरेशी मात्रा घ्या. प्रौढांसाठी पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० च्या दोन गोळ्या. दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही, यकृताचा आजार असेल तर बरंच कमी. किंवा थोडं खाऊन आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण किंवा वेदनाशामकाने वाढणारा दमा असेल तर आयबुप्रोफेन नको. मळमळ लवकर सुरू होत असेल तर डॉक्टर सोबत डॉमपेरिडोन १० मिलिग्रॅम देतात. त्याने जठर हलतं आणि गोळी पुढे सरकते. हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर ते मात्र विचारल्याशिवाय नको.

एवढ्याने भागलं नाही तर ट्रिप्टान गटातली औषधं आहेत: सुमाट्रिप्टान ५० मिलिग्रॅम किंवा रिझाट्रिप्टान १० मिलिग्रॅम, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. ती मायग्रेनसाठीच बनलेली आहेत, नुसती वेदनाशामकं नव्हेत. हृदयविकार, पक्षाघात किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर देत नाहीत. पहिल्या गोळीने उतरून पुन्हा उठलं तर दोन तासांनंतर दुसरी चालते. पहिलीने काहीच झालं नसेल तर त्याच झटक्यात दुसरी घेऊन फारसं हाती लागत नाही.

महिन्याला चार-पाच झटके म्हणजे प्रतिबंधक औषधाचा विचार करण्यासारखी स्थिती. प्रोप्रानोलॉल (दमा असेल तर नाही), रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमपासून, फ्लुनारिझिन (वजन आणि झोप वाढते, मन उदास होऊ शकतं), टोपिरामेट (हातापायांना मुंग्या, मुतखड्याची शक्यता, गरोदरपणात बाळाला धोका) हे नेहमीचे पर्याय. ठरलेली मात्रा गाठल्यावर निदान आठ आठवडे थांबावं लागतं. पंधरा दिवसांत सोडून ‘उपयोग नाही’ म्हणणारे फार. झटके निम्म्यावर आले तर औषध लागू पडलं असं धरतात. तुमच्या पित्ताच्या गोळ्या छातीत जळजळ होत नसेल तर कशासाठी चालू आहेत, हे डॉक्टरांना विचारा.

वय ४५, किराणा दुकान आहे. डोकं दुखलं की शेजारच्या मेडिकलमधून गोळी घेतो. आधी आठवड्याला एक लागायची, आता रोज एक, कधी दोन. न घेतल्यास दुपारी डोकं धरतंच. जास्त पॉवरची गोळी कोणती?
— नाशिक रोड

जास्त पॉवरची गोळी नको, कमी गोळ्या हव्यात. तुमची डोकेदुखी आता गोळीमुळेच चालू आहे.

याचे आकडे ठरलेले आहेत. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस डोकं दुखतंय आणि तीन महिन्यांहून जास्त काळ महिन्याला १५ दिवस साधी वेदनाशामकं घेतली जातायत, तर ही औषधाच्या अतिवापराची डोकेदुखी. मिश्र गोळ्या, ट्रिप्टान, अर्गोटामिन आणि ट्रामाडॉल-कोडीनसारखी औषधं असतील तर मर्यादा १० दिवसांचीच. मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत. एका दिवशी तीन घेतल्या तरी तो एकच दिवस, पण रोज अर्धी घेतली तरी महिन्याचे तीस.

पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. डोकेदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल किंवा अ‍ॅस्पिरिनबरोबर कॅफीन असतं. त्याने आराम लवकर पडतो, सवयही तितक्याच लवकर लागते. काहींमध्ये अर्गोटामिन असतं. हे औषध रक्तवाहिन्या आवळतं. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असताना ते चालत नाही, ट्रिप्टान घेतल्यावर २४ तासांत चालत नाही, आणि क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स चालू असताना घेतलं तर हातापायांचा रक्तपुरवठा धोक्यात येण्याइतकं आवळलं जाऊ शकतं. ‘अर्धशिशीची गोळी द्या’ म्हटल्यावर काउंटरवरून सहज हातात पडणारी गोळी हीच असू शकते, म्हणून एवढं लिहिलं.

सोडायचं कसं? साधी वेदनाशामकं आणि ट्रिप्टान एका ठरलेल्या दिवशी बंद करता येतात. ट्रामाडॉल, कोडीन किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच. बंद केल्यावर पहिले दोन ते दहा दिवस डोकं जास्त दुखेल, मळमळेल, चिडचिड होईल, झोप उडेल. हे आधी माहीत नसलं की चौथ्या दिवशी माणूस पुन्हा मेडिकलच्या काउंटरवर उभा राहतो. तुमच्या बाबतीत तर काउंटर शेजारीच आहे. त्यामुळे दुकानात माल भरायची घाई नाही असा पंधरवडा निवडा, घरच्यांना सांगून ठेवा आणि डॉक्टरांकडून प्रतिबंधक औषध आधीच सुरू करून घ्या. खरा फरक कळायला दोन महिने लागू शकतात. मूळचं दुखणं, बहुधा मायग्रेनच, नंतर वेगळं दिसू लागेल. तेव्हा गोळी आठवड्यातून दोनच दिवस.

नोंद ठेवायला अ‍ॅपच पाहिजे असं नाही. दुधाचे खाडे ज्या कॅलेंडरवर लिहिता, तिथेच दुखलेल्या दिवशी ‘दु’ आणि गोळी घेतलेल्या दिवशी ‘गो’ लिहा. महिनाअखेरीला दोन्ही मोजा आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. घरात पाळीच्या तारखाही त्यावर असतील तर आणखी चांगलं. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत येणारं मायग्रेन इस्ट्रोजेन उतरल्यामुळे येतं आणि ते तारखांवरूनच पकडता येतं.

संकष्टी आणि एकादशीला हमखास डोकं दुखतं. उपास सोडावा का?
— सातारा

सोडायची गरज नाही. आधी दोन कारणं वेगळी करा. आठ तासांहून अधिक पोट रिकामं राहिलं की काहींचं डोकं दुखतं. खाल्ल्यावर ते उतरतं, पण मायग्रेनच्या माणसाला हाच उपास झटक्याचं निमित्त होतो. दुसरं कारण चहाचं. रोजचे चार-पाच कप अचानक थांबले की शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकं जड होतं, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दुखतं आणि कॅफीन अजिबात घेतलं नाही तर हे आठवडाभरही चालतं. ओळखायची खूण अशी: चहा घेतल्यावर तासाभरात उतरलं तर ते चहाचंच.

उपासाला चहा चालत असेल तर सकाळचा कप नेहमीच्या वेळी घ्या. चालत नसेल तर आधीच्या दोन आठवड्यांत दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करत या. दिवसभर काही नाही आणि दुपारी दोनला ताटभर साबुदाण्याची खिचडी, यापेक्षा दर चार तासांनी राजगिरा, दही, शेंगदाणे, केळं असं थोडं थोडं. मायग्रेन असलेल्यांनी निर्जळी उपास मात्र टाळावाच.

कपाळ आणि गाल दुखतात, नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं. एक्स-रेमध्ये सायनस निघाला. दर वेळी अँटिबायोटिकचा कोर्स घेतो, दोन दिवसांत बरं वाटतं.
— रत्नागिरी

दोन दिवसांत बरं वाटतं, कारण ते दोन दिवसांत आपोआपच जाणार होतं. ‘सायनस’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पुष्कळ डोकेदुख्या तपासल्यावर मायग्रेन निघतात. ट्रायजेमिनल नस चेतली की तिच्याशी जोडलेल्या नसांमुळे नाकातल्या आणि डोळ्यांतल्या ग्रंथीही पाझरतात. त्यामुळे नाकातून पातळ पाणी येणं हे सायनसचं लक्षण ठरत नाही. जंतुसंसर्गाच्या खऱ्या सायनसमध्ये घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, वास न येणं, अनेकदा ताप, आणि तासांऐवजी दिवसांत मोजावं लागणारं दुखणं असतं. एक्स-रेत अस्तर जाड दिसणं काहीही तक्रार नसलेल्या माणसांतही आढळतं.

एक अपवाद सांगून ठेवतो. एकाच डोळ्याभोवती असह्य कळ, त्याच बाजूचा डोळा लाल, त्याच नाकपुडीतून पाणी, १५ मिनिटं ते ३ तास, बहुतेकदा रात्री ठरावीक वेळी, आणि माणूस पडून न राहता येरझाऱ्या घालतो, भिंतीवर डोकं आपटतो. ही क्लस्टर डोकेदुखी. तिच्यावर मास्कने मिनिटाला १२ लिटर वेगाने १५ मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देतात आणि बहुतेकांना त्याने उतार पडतो. सायनस किंवा दाढेचं दुखणं समजून यांचे दात काढले गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

हिंजवडीत आयटीमध्ये आहे, वय २९. संध्याकाळी डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं होतं. चष्म्याचा नंबर बदलला की बीपी असेल?

दोन्हींची शक्यता कमी. दोन्ही बाजूंना दाब, ठणका नाही, मळमळ नाही, चालल्याने वाढत नाही, म्हणजे ताणाची डोकेदुखी, मान आणि कवटीवरचे स्नायू आखडल्याची. दर तासाला उठा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, लॅपटॉप मांडीवर नको. क्वचित लागली तर पॅरासिटामॉल, पण वर सांगितलेली दिवसांची मर्यादा तुम्हालाही लागू. नंबर एकदा तपासून घ्यायला हरकत नाही. चष्म्याचं दुखणं जवळचं काम केल्यावर येतं, सकाळी उठल्या उठल्या नाही. रक्तदाब साधारण १८०/१२० च्या आसपास जाईपर्यंत सहसा डोकं दुखवत नाही. म्हणूनच ‘डोकं दुखत नाही, म्हणजे बीपी नाही’ हेही खरं नाही.

पंधरा वर्षं मायग्रेन आहे. सगळे म्हणतात एमआरआय करून घ्या. करू का?
— बेळगाव

दुखणं तेच, तपासणी नॉर्मल, तर एमआरआयने नवीन काही कळत नाही. मायग्रेन फोटोत दिसत नाही. दुखण्याने चाल बदलली तर मात्र उशीर नको. एका मिनिटाच्या आत शिगेला पोचलेलं, आयुष्यात कधी न अनुभवलेलं दुखणं असेल तर मेंदूभोवती रक्तस्राव झाला असू शकतो. १०८ ला फोन करा, गोळी घेऊन झोपू नका. पहिल्या सहा तासांतल्या सीटी स्कॅनमध्ये हा रक्तस्राव सहसा सुटत नाही. नंतर केलेला स्कॅन नॉर्मल आला तर पाठीतून पाणी काढून बघावं लागू शकतं. तापाबरोबर मान ताठ होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, फिट येणं, डोळा लाल होऊन दिव्याभोवती वलयं दिसणं, यांतलं काहीही असलं तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

काही गोष्टी हळूहळू येतात म्हणून दुर्लक्षित राहतात. म्हातारं माणूस न्हाणीघरात घसरलं, तेव्हा काही वाटलं नाही, पण तीन आठवड्यांनी डोकं दुखतंय आणि बोलण्यात गोंधळ होतोय, विशेषतः रक्त पातळ करायची गोळी चालू असताना. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, त्यात केस विंचरताना टाळू दुखणं किंवा चावताना जबडा भरून येणं. गरोदरपणात पाचव्या महिन्यानंतर १४०/९० वर गेलेला रक्तदाब आणि डोकेदुखी. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत वाढत जाणारं दुखणं, कारण या काळात मेंदूच्या शिरेत गुठळी होऊ शकते. ‘बाळंतिणीला वारं लागलं’ म्हणून डोक्याला फडकं बांधून ठेवण्यात मोलाचे दिवस जातात.

पावसाळ्यात ताप आणि डोळ्यांमागे दुखणं असेल तर डेंगी नाही हे ठरेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

दर रविवारी केसांवरून आंघोळ केली की संध्याकाळपर्यंत डोकं उठतं. घरचे म्हणतात, मनाचे खेळ.
— डोंबिवली

मनाचे खेळ नाहीत. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये अशा ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध केली आहेत. केस लांब आणि दाट असतील तर ते तासन्‌तास ओले राहतात. सकाळी घाईत धुऊन ओले बांधून बाहेर पडू नका, सुकायला वेळ मिळेल अशा वेळी धुवा, आधी काहीतरी खाऊन घ्या आणि टॉवेलने टिपून पंख्याखाली न बसता वाळवा. तरीही दर वेळी उठत असेल तर ते मायग्रेन समजून उपचार घ्या.

आमच्याकडेही आंघोळीनंतरच दुखतं, पण माझं, मुलीचं आणि सासूबाईंचंही. मळमळतं, गरगरतं. दिवाळीत बाथरूममध्ये गॅस गिझर बसवला, तेव्हापासून. बाहेर हॉलमध्ये बसलं की तासाभरात जातं.
— इचलकरंजी

हे पत्र मिळाल्याबरोबर आम्ही तुम्हाला स्वतंत्र उत्तर पाठवलं आहे. इतरांसाठी इथे पुन्हा देतो. गिझर आत्ताच बंद करा.

एकाच घरातल्या अनेकांचं डोकं एकाच जागी दुखतं आणि बाहेर आल्यावर थांबतं, तेव्हा पहिला संशय कार्बन मोनॉक्साइडचा. बंद बाथरूममध्ये गिझरच्या ज्योतीला प्राणवायू कमी पडला की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळतीचा जो वास येतो तो एलपीजीत मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो, त्यामुळे ‘वास आला नाही’ याला अर्थ नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर त्याला ऑक्सिजनच समजतो आणि बेशुद्ध माणसालाही ९८ दाखवू शकतो, त्यावर भरवसा ठेवू नका.

कोणी आत कोसळलं तर आधी दार उघडा, माणसाला मोकळ्या हवेत ओढा, गॅसचा कॉक बंद करा आणि १०८ ला फोन करा. रुग्णालयात ‘गॅस गिझर’ हे दोन शब्द आवर्जून सांगा, म्हणजे मास्कने शुद्ध ऑक्सिजन लगेच सुरू होतो आणि रक्तातला वायू मोजायची तपासणी होते. घरात कोणी गरोदर असेल तर तिला बरं वाटत असलं तरी दाखवा, बाळाला धोका जास्त असतो.

गिझर बाथरूममध्ये पुन्हा लावू नका. तो बाहेर गॅलरीत बसवून आत फक्त गरम पाण्याचा नळ घ्यायचा, धूर जाणारा पाइप उघड्यावर सोडायचा आणि वर्षातून एकदा बर्नर साफ करून घ्यायचा. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली की त्या दिवशी पाणी चुलीवर तापवा आणि मेकॅनिकला बोलवा.